आयबीएस : गोळ्यांशिवायचे उपाय

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आपल्याकडे लोक हे नाव घेत नाहीत, "पोट साफ होत नाही", "सारखा गॅस धरतो", "खाल्लं की लगेच पळावं लागतं" असं सांगतात. हा आतड्याच्या कामकाजाचा जुनाट त्रास आहे, दुर्बिणीने बघितलं तर आतडं ठीकठाक दिसतं, रिपोर्ट नॉर्मल येतात, पण पोट दुखतं ते खरंच दुखतं. 2016 च्या रोम 4 निकषांप्रमाणे (आयबीएस ओळखायचे डॉक्टरांचे ठरलेले नियम) त्रास सुरू होऊन किमान 6 महिने झालेले असावेत, गेल्या 3 महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेलं असावं, आणि शौचाला जाणं, दिवसातून किती वेळा जावं लागतं ते बदलणं, मल घट्ट-पातळ होणं यातल्या किमान दोन गोष्टींशी त्या दुखण्याचा संबंध असावा. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, तसं नाहीये, आतड्याच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात आणि आतडं आणि मेंदू यांच्यातली देवाणघेवाण बिघडलेली असते.

काहीही करून बघायच्या आधी एक गोष्ट. शौचातून रक्त, उगाच उतरणारं वजन, अंगात रक्त कमी होणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीच्या आसपास वा त्यानंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं एक जरी असेल तर घरगुती प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर गाठा. आतड्याचा टीबी, जिआर्डिया (आतड्यातला एक परजीवी), सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) हे सगळं वरवर बघता आयबीएससारखंच दिसू शकतं. त्यातली सिलिअॅकची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते, आधीच गहू सोडला तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते. बरेच जण नेमकी हीच चूक करतात.

आहाराच्या बाजूने सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो लो-फॉडमॅप पद्धतीचा. ही ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीत वाढली, पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी 2005 मध्ये हा शब्द मांडला. फॉडमॅप म्हणजे काही ठराविक साखरा ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि गॅस होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, फक्त हळव्या आतड्याला तो ताण दुखतो. आता टाळायच्या पदार्थांची यादी बघितली की मराठी माणसाच्या पोटात गोळाच येतो: कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, दूध, फ्लॉवर, सफरचंद, आणि आंबासुद्धा! पण भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, गाजर, पालक, अंडी, मासे हे चालतं.

आणि स्वयंपाकात थोडी युक्ती केली की बरंच सुटतं. कांदा-लसणातली त्रास देणारी साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे लसणाच्या अख्ख्या पाकळ्या फोडणीच्या तेलात परतून काढून टाकल्या तर चव राहते आणि त्रास उतरत नाही, पण आमटीत कांदा शिजवून मग तो उचलून टाकला तर उपयोग शून्य, कारण जे उतरायचं ते रश्श्यात उतरलेलं असतं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. कडधान्याचं पण तसंच, भिजवून ते पाणी टाकायचं, शिजवल्यावर वरचं पाणीही काढायचं, आणि म्हणूनच पुरणाच्या डाळीवरच्या पाण्याची कटाची आमटी अशा पोटाला जड जाणार हे उघड आहे.

मला कळकळीने सांगायचंय ते हे की ही पद्धत म्हणजे जन्मभराचं पथ्य नाही, ती एक चाचणी आहे. 2 ते 6 आठवडे यादीतले पदार्थ बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, कशाने त्रास होतो ते लिहून ठेवायचं आणि बाकी सगळं परत खायचं. लोक पहिल्या टप्प्यातच वर्षानुवर्षं अडकतात, वजन घटतं, आतड्यातले बायफिडो जातीचे चांगले जिवाणू कमी होतात, आणि जेवणाचीच भीती बसते, लग्नाच्या पंगतीत बसायला नको वाटतं. जमेल तर आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच करावं.

तंतूंच्या (फायबरच्या) बाबतीत इसबगोल बरा, गव्हाचा कोंडा नको, कोंड्याने काहींचं पोट उलट जास्त फुगतं. इसबगोल थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा, कोरडा तर कधीच नाही.

संमोहन म्हटलं की लोकांना जादूचे प्रयोग आठवतात, पण आतड्यासाठीचं संमोहन हा गंभीर उपचार आहे. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 30 रुग्णांवरचा अभ्यास छापला, कशानेच बरं न वाटलेले हे लोक होते आणि संमोहनाच्या गटात फरक ठळक दिसला. विचार-वर्तन थेरपीचाही (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन) उपयोग होतो. याचा अर्थ आजार खोटा असा अजिबात नाही, मेंदूकडून आतड्याकडे जाणारी तार दुरुस्त करायचा तो एक रस्ता आहे.

चालणं, पुरेशी झोप, ठरलेल्या वेळी जेवण हेही आहेच. बद्धकोष्ठता जास्त असेल तर नाश्त्यानंतर लगेच जाऊन बसावं, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घ्यावा, उकिडवं बसल्यासारखे गुडघे वर आले की गुदाशयाला वेढणारा स्नायू सैल पडतो आणि कुंथावं लागत नाही. तरीही अडत असेल तर काही जणांचा तो स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळला जात असतो, त्यावर बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण आहे, त्यात तो कसा सोडायचा ते मशीनवर बघून शिकवतात.