इन्स्टॉल होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही?

"माझ्या लॅपटॉपवर चालतंय, मग कॉलेजच्या सर्व्हरवर का नाही?" कोयनेच्या भूकंपनोंदींवर प्रोजेक्ट करणाऱ्या कराड-साताऱ्याकडच्या मुलांचा हा हमखास प्रश्न. सॉफ्टवेअर असतं ऑब्स्पाय. भूकंपलहरींच्या नोंदी वाचायला, गाळायला, आलेख काढायला जगभर वापरलं जाणारं हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं फुकट पॅकेज. एकाच्या विंडोजवर ते लगेच बसतं, दुसऱ्याच्या मॅकवरही बसतं, आणि कॉलेजच्या जुन्या लिनक्सवर मात्र लाल अक्षरांची पानंच्या पानं. मग सल्ले सुरू होतात: फॉरमॅट मार, पुन्हा टाक, होईल कधीतरी. ते कधीतरी होत नसतं. न होण्याचं कारण त्या लाल मजकुरातच लिहिलेलं असतं.

गैरसमजाचं मूळ असं की पायथनचा प्रोग्राम म्हणजे साधा मजकूर, तो कुठेही चालणार. हे अर्धंच खरं आहे. ऑब्स्पाय ज्या नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजवर उभं आहे, त्यातली खरी आकडेमोड सी भाषेत लिहिलेली असते आणि ती आधीच कंपाइल करून, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलून ठेवलेली असते. इंटेलच्या सूचना वेगळ्या, २०२० नंतरच्या ॲपलच्या चिपच्या वेगळ्या. म्हणून नमपायच्या एकाच आवृत्तीच्या अनेक तयार फाइली असतात. पायथन कोणतं, सिस्टीम कोणती, प्रोसेसर कोणता, हे सगळं फाइलच्या नावातच असतं. पिप हा पायथनची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम ते नाव वाचून जुळणारी फाइल उचलतो. जुळणारी नसली तर मूळ सी कोड उतरवून तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला घेतो. तिथे हे काम करणारा योग्य प्रोग्राम, म्हणजे कंपायलर नसला, की ती लाल पानं सुरू होतात.

कंटाळून मुलं घरच्या नव्या उबंटू लिनक्सवरचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून आणतात. आता वेगळीच ओळ येते: जीलिबसी २.२८ सापडली नाही. ही माझी सगळ्यात आवडती एरर आहे.

जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी. फाइल उघडणं, मेमरी मागणं, अक्षरं हलवणं अशी कामं प्रत्येक प्रोग्राम तिच्याकडूनच करून घेतो. प्रोग्राम सुरू होताना लोडर नावाचा छोटा कार्यक्रम आधी धावतो. कंपाइल केलेल्या फाइलमध्ये 'मला अमुक लायब्ररी हवी, तिच्यातलं अमुक फंक्शन हवं आणि ते अमुक आवृत्तीचं हवं' अशी यादी असते. लोडर ती मशीनवरच्या लायब्ररीशी ताडून बघतो. मेमरीतला मजकूर एकीकडून दुसरीकडे नेणारं मेमसीपीवाय हे फंक्शन घ्या. ६४-बिट इंटेल लिनक्सवर आजच्या जीलिबसीत ते दोन आवृत्त्यांचं आहे, २.२.५ चं आणि २.१४ चं. जुना प्रोग्राम जुनं मागतो, नवा नवं मागतो, दोघांचंही काम होतं. वर्षानुवर्षांपूर्वी कंपाइल केलेला प्रोग्राम त्यामुळेच आज चालतो. उलटं मात्र शक्य नाही. जुन्या मशीनवरच्या लायब्ररीत पुढे जन्मलेली आवृत्ती असणार कुठून?

म्हणून पॅकेज बांधणारे मुद्दाम जुन्या सिस्टीमवर बसून कंपाइल करतात. लिनक्ससाठीच्या असंख्य पायथन फाइली वर्षानुवर्षं सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर, म्हणजे २०१२ च्या जीलिबसी २.१७ वर बांधल्या गेल्या. एकाच प्रकारच्या प्रोसेसरच्या नव्या-जुन्या बहुतेक लिनक्स मशीनवर एकच फाइल चालावी म्हणून हा सगळा खटाटोप. मला ही फार सुंदर कल्पना वाटते.

पॅकेजं बसवणारं दुसरं साधन म्हणजे कोंडा. ते फोर्ट्रान या जुन्या भाषेच्या लायब्ररींपर्यंत सगळं सोबत आणतं, पण जीलिबसी मशीनचीच वापरतं. कंटेनर, म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा, तीही आणतो; फक्त कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मशीनचाच वापरतो.

इथे एक बोलायलाच हवं. कोयना परिसरात धक्का बसला, की 'एआयने सांगितलं, उद्या रात्री मोठा येणार' असे मेसेज गावोगावी फिरतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण असलेली माणसं त्याने खरोखर घाबरतात. तारीख, ठिकाण आणि तीव्रता आधी सांगणारी पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. असा मेसेज पुढे पाठवू नका.

पॅकेज बसलं म्हणजे उत्तर बरोबर आलं, असंही नाही. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की २०१४ साली प्रसिद्ध झालेला रसायनशास्त्रातला एक पायथन प्रोग्राम वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगवेगळी उत्तरं देतो. एरर कुठेच येत नव्हती. प्रोग्राम फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागत होता आणि ती ठरावीक क्रमानेच येईल असं धरून चालला होता. तो क्रम सिस्टीमगणिक बदलतो.

भूकंपाच्या नोंदीतही हेच होऊ शकतं. एका नोंदकेंद्राच्या तीन फाइली असतात: उभ्या हालचालीची, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. पहिली फाइल उभ्या हालचालीची असं कोडने गृहीत धरलं आणि सर्व्हरने पूर्व-पश्चिमची आधी दिली, तर सगळ्यात आधी पोचणाऱ्या पी लहरीची सुरुवात अंधुक दिसते आणि वेळ अर्धा सेकंद उशिरा टिपली जाऊ शकते. पी आणि तिच्यामागून येणारी एस लहर यांच्यामधल्या दर सेकंदाला नोंदकेंद्रापासून भूकंपाचं अंतर साधारण आठ किलोमीटर धरतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाला चार किलोमीटरची चूक, आणि कोयना-वारणेचा भूकंपप्रवण पट्टा सारा जेमतेम वीस बाय तीस किलोमीटरचा. नोंदीतल्या चॅनेलच्या नावाचं शेवटचं अक्षर वाचून हालचालीची दिशा ओळखणारी एक ओळ कोडमध्ये घातली, की फाइली कुठल्याही क्रमाने आल्या तरी भूकंपाची जागा हलत नाही.