‘यादृच्छिक चल’ हा शब्द आला कुठून?

एनसीआर (एन वस्तूंतून आर निवडायच्या रीती किती, तो आकडा) झटकन काढतात, पण एक्स हा ‘यादृच्छिक चल’ (रँडम व्हेरिएबल) म्हणजे काय विचारले की गप्प बसतात, अशी पोरे लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत बाकाबाकावर सापडतात. यात पोरांपेक्षा शब्दाचा दोष जास्त.

मोजायच्या रीती आपल्याकडे जुन्याच. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे अदलाबदल केली तर मूर्ती किती, असे विचारले आहे, उत्तर ३६,२८,८००. सहा रसांपासून किती चवी, हा हिशेब मात्र वेगळ्या प्रकरणात. क्रम धरायचा ते एकीकडे, न धरायचा ते दुसरीकडे. आपण दोन्ही एकाच धड्यात कोंबतो. पुढे १६५४ चा पास्कल-फर्मा यांचा जुगाराच्या डावावरचा फ्रेंच पत्रव्यवहार वगैरे पुस्तकात असतेच.

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट, वरचे शिक्षण उर्दूतून. मराठी परिभाषा आपल्या हाती आली ती जवळजवळ तयारच. ‘रँडम’साठी संस्कृतातली ‘यदृच्छा’ घेतली गेली, म्हणजे आपसूक, अवचित घडणे. कोशवाल्यांनी ‘यदृच्छ’ लिहिले, शाळेच्या पुस्तकात ‘यादृच्छिक’ बसले. कानाला त्यात ‘इच्छा’ ऐकू येते आणि पोरे ‘मनाला येईल तसे’ असा अर्थ लावून मोकळी होतात. ‘चल’ तर त्याहून फसवा, कारण ही वस्तू चल म्हणजे नुसती बदलती राशी नव्हे, फलन (फंक्शन) आहे, प्रत्येक शक्यतेला एक आकडा लावणारा नियम. इंग्रजीतही हाच घोळ. आपण तो इमानेइतबारे उतरवून घेतला. मी असतो तर ‘मोजणी-फलन’ असे ओबडधोबड नाव पत्करले असते.

पेरणीआधी घरचे सोयाबीन ओल्या गोणपाटात गुंडाळून शंभरात किती दाणे उगवतात ते बघतात. सत्तर निघाले तर बियाणे चालते. म्हणजे एक दाणा उगवायची संभाव्यता ०.७, न उगवायची ०.३. असे तीन दाणे एका जागी टोकले. प्रत्येक दाणा उगवेल किंवा नाही, म्हणून शक्यता आठ. त्या प्रत्येकीला एक्स एक आकडा लावतो, किती उगवले तो. ‘दोन’ आकडा तीन शक्यतांना मिळतो. एनसीआर लागतो तो इथे. म्हणून ३ × ०.७ × ०.७ × ०.३ = ०.४४१. शून्याची संभाव्यता ०.०२७, एकाची ०.१८९, तिन्हींची ०.३४३. या चार आकड्यांचे मिळून द्विपदी वितरण.

मोठी अट अशी, एका दाण्याचे उगवणे दुसऱ्यावर अवलंबून नको. टोकणीवर मोठा पाऊस होऊन रानाने पपडी धरली, तर तिन्ही कोंब एकदमच अडकतात आणि हे आकडे लागू पडत नाहीत.