इन्सुलिनचा हिशोब रोज का चुकतो?

ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर ३१२, म्हणजे फारच वर, आली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय खाल्लंस?" मागोमाग दुसरा, "सुई घेतली होतीस ना?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण जिला विचारलं जातं तिला एकच ऐकू येतं, की तुझं चुकलं. इंदूरला माझी भाची अकरावीत आहे. तिला टाइप १ मधुमेह आहे. हे दोन प्रश्न तिच्या घरी, पाहुण्यांकडे, गणपतीत, लग्नाच्या पंगतीत मी इतक्यांदा ऐकले आहेत की आता त्यांच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं. कारण पुष्कळदा तिने सुई वेळेवर घेतलेली असते, अंदाज घेऊन जेवलेली असते आणि तरी आकडा ३१२ असतो. त्याचं कारण तिच्या स्वभावात शोधून सापडत नाही. ते इन्सुलिन शरीरात कसं काम करतं यात सापडतं.

आपल्याकडे मधुमेह म्हटला की आजोबांची गोळी आणि सकाळचं फिरणं आठवतं. तो टाइप २. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईवडिलांच्या हयगयीने होत नाही. रक्तातली साखर खाली आणणारं इन्सुलिन तयार होणं जवळजवळ थांबतं, म्हणून ते बाहेरून घ्यावंच लागतं, रोज आणि जन्मभर. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार भारतात विशीच्या आतली अशी २ लाखांहून अधिक मुलं आहेत. म्हणजे हा दुर्मिळ आजार म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही.

या बीटा पेशी जे काम करतात ते आधी बघू. स्वादुपिंडात पेशींचे सुमारे दहा लाख बारीक पुंजके असतात, सगळे मिळून वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम. त्यांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत जोखतात आणि लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतात, तेही थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत. रक्तात आलेलं इन्सुलिन पाचेक मिनिटांत निम्मं होतं. त्यामुळे तुम्ही अर्धी पोळी पानात टाकून उठलात किंवा बसमागे धावलात, तर इन्सुलिनही लगेच कमी होतं. कुणाला काही ठरवावं लागत नाही.

सुईने घेतलेलं इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत जातं. औषधाच्या बाटलीत त्याचे रेणू जस्ताभोवती सहा-सहाच्या गटाने बसलेले असतात. हे गट सुटे झाल्याशिवाय रेणू रक्तात शिरत नाहीत. म्हणून साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं आणि जेवण पचून गेलं तरी ते काही तास अंगात काम करत राहतं. इन्सुलिनच्या रेणूत ५१ अमिनो आम्लं असतात. शास्त्रज्ञांनी त्यांतल्या शेजारच्या दोघांची जागा आपसांत बदलली तेव्हा हे गट चटकन सुटायला लागले. त्यातून १९९६ साली लिस्प्रो हे झटपट इन्सुलिन बाजारात आलं. ते पंधराएक मिनिटांत सुरू होतं, पण त्याचाही असर तीन-चार तास टिकतो आणि एकदा टोचलं की ते परत काढून घेता येत नाही. इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. उद्या घरी किती माणसं असतील याचा अंदाज बांधून आज भांडी भरावी लागतात. टाइप १ असलेली मुलगी दर जेवणाआधी असाच अंदाज बांधत असते. फरक एवढा, की इथे अंदाज जास्तीचा झाला तर तिची शुद्ध हरपू शकते.

बरं, अंदाज अगदी बरोबर असला तरी औषध दर वेळी सारखं वागत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टाइप १ असलेल्या लोकांना लांब पल्ल्याचं, म्हणजे सावकाश बरेच तास काम करणारं इन्सुलिन मांडीत, वजनाच्या त्याच प्रमाणात, चार वेगवेगळ्या दिवशी दिलं होतं. त्याच माणसात, त्याच डोसचा परिणाम दिवसागणिक किती मागेपुढे होतो हे त्यांना मोजायचं होतं. जुन्या एनपीएच इन्सुलिनमध्ये हा चढउतार ६८ टक्के निघाला, ग्लार्जिनमध्ये ४८ आणि डेटेमिरमध्ये २७. प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही स्थिती. मग कॉलेजला जायच्या घाईत, बाथरूमच्या दारामागे उभं राहून घेतलेल्या सुईकडून रोज एकच उत्तर कसं मिळावं?

आता माळव्यातल्या रविवारच्या जेवणाकडे वळू. दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी उकळायचे, मग भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. १०० ग्रॅम कणकेत साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. समजा भाचीचं प्रमाण १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट असं आहे (प्रत्येकाचं वेगळं असतं, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचं). दोन बाफल्यांत मिळून तेवढी कणीक धरली तर ७ युनिट झाले, वरणाचे वेगळे. हिशोब चोख आहे. पण तूप जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतं. झटपट इन्सुलिनचा जोर तास-दीड तासात येतो, तेव्हा बाफले पोटातच असतात. तीन वाजता तिला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, मीटर ६२ दाखवतो. ताई, म्हणजे तिची आई, साखरेचं पाणी देते. संध्याकाळी सातला बाफल्यांची साखर सावकाश रक्तात उतरते, वर दुपारचं साखरेचं पाणी आहेच, आणि आकडा २९० होतो. ती दुरुस्तीचा डोस घेते. तासाभराने आकडा हलला नाही म्हणून धीर सुटतो आणि ती आणखी घेते. पहिल्या डोसचा जोर अजून ओसरलेला नसतो. दोन्ही मिळून रात्री दोनला साखर पुन्हा तळाला नेतात.

या एका दिवसात तिने नेमकी चूक कुठे केली ते दाखवा! दुरुस्तीचे डोस एकावर एक चढले, एवढं एक म्हणता येईल, आणि २९० हा आकडा समोर दिसत असताना हातावर हात ठेवून बसणं किती अवघड असतं हे ज्याने पाहिलंय तो तेही म्हणणार नाही. तुपातेलाच्या जड जेवणासाठी डोस दोन भागांत घेणं, थोडा आधी आणि थोडा नंतर, हा उपाय आहे. काहींना तो चांगला लागू पडतो. पण तो डॉक्टरांबरोबर बसून, तीन-चार रविवार आकडे लिहून, मगच बसवावा लागतो.

पोह्यांचं उलट आहे. पोटाला हलके म्हणून आपण ते बिनधास्त वाढतो, पण ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि ती झपाट्याने रक्तात येतात. वर जिलबी नसली तरीही. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे.

आणि हे सगळं अवघडातल्या अवघड वयात सांभाळायचं असतं. वयात येताना शरीरात वाढीचं संप्रेरक भरपूर असतं आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. वयात आलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे लागणारं इन्सुलिन लहानपणापेक्षा बरंच वाढतं, काहींना ते दिवसाला दीड युनिटपर्यंत जातं. पहाटे हीच संप्रेरकं साखर वर ढकलतात, म्हणून काही न खाता झोपलेली मुलगी सकाळी २०० घेऊन उठते. पाळीच्या आधी अनेकींची गरज वाढते. ताप आला, परीक्षेचा ताण आला, तरी वाढते. "हल्ली तुझं लक्ष नाही" हे वाक्य घराघरांत नेमकं याच वर्षांत ऐकू येतं.

एक गोष्ट मी जवळून पाहिली. डोस वाढवत नेले तरी भाचीची साखर उतरेना. तपासणीला गेल्यावर तिथल्या मधुमेह शिक्षिकेने आकड्यांची वही बाजूला ठेवली आणि तिला आधी उभं केलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटांच्या टोकांनी, हलक्या हाताने, सावकाश दाबत गेल्या. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे कातडीखाली लिंबाएवढी मऊसर जाड गाठ लागली. डोळ्यांना ती दिसतही नव्हती. माझी बोटं त्यांनी तिथे टेकवली तेव्हा मलाही कळली. भाची उजव्या हाताने, न बघता, रोज त्याच जागी टोचत होती, कारण तिथे दुखत नव्हतं. इन्सुलिन वारंवार एकाच जागी दिलं की तिथली चरबी वाढते. अशा गाठीतून औषध कधी उशिरा, कधी अर्धवट, कधी एकदम शोषलं जातं. सुई पुन्हा पुन्हा वापरली की गाठींचा धोका वाढतो, आणि खर्च वाचवायला आपल्याकडे ती सर्रास वापरली जाते. जागा बदलताना शिक्षिकेने डोस उतरवायला सांगितला, कारण निरोगी कातडीत तेच औषध पुरतं काम करतं आणि साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. गाठी हाताने तपासायला दोन मिनिटं पुरतात. प्रत्येक भेटीत ते करून घ्या, कुणी आपणहून केलं नाही तर आठवण करा.

साठवणीचंही बघा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून राहिलेली बाटली गोठून वाया जाते. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे घरात बाहेर चालतं, पण मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत ते तासभरसुद्धा राहू देऊ नये. वीज जात असेल तर ओल्या मातीच्या मडक्यात ठेवण्याची रीत चांगली आहे, बाष्पीभवनाने आतलं तापमान काही अंश खाली राहतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं १०० युनिटचं. ४०च्या सिरिंजने १००चं इन्सुलिन ओढलं तर डोस अडीचपट होतो. बाटली आणि सिरिंज दोन्हीवरचा आकडा दुकानातच जुळवून घ्या.

साखर नेहमी कमीच ठेवली तर काय बिघडलं, असं बाहेरच्याला वाटतं. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात १,४४१ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये डोळ्याच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, आणि मूत्रपिंडं व नसांनाही संरक्षण मिळालं. आजचे सगळे उपचार या निष्कर्षावर उभे आहेत. पण त्याच गटात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. ७०च्या खाली गेलं की इशारा समजायचा, ५४च्या खाली मेंदूला इंधन अपुरं पडू लागतं. वर्गात सगळ्यांसमोर एकदा बेशुद्ध पडलेली मुलगी पुढे कित्येक महिने मुद्दाम डोस कमी घेते. त्यामागे भीती असते, आणि ती भीती खरी आहे. शिवाय साखर वारंवार खाली गेली की घाम, थरथर या सूचनाच बोथट होतात. काही आठवडे साखर खाली जाऊ न देता सांभाळली तर त्या पुष्कळ अंशी परततात, हे डॉक्टरांना सांगितलं तरच जमतं.

मग एक दिवस मूल थकतं. वहीत १२४, १३१, ११८ असे सुरेख आकडे दिसतात, सगळे एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेले. ताईला अशी वही सापडली तेव्हा ती रागावली नाही, रडली. या थकव्याला वैद्यकात मधुमेहाचा मानसिक ताण म्हणून वेगळं स्थान आहे. तो नैराश्याहून निराळा आहे, आळस तर नाहीच, आणि तो मोजायच्या प्रश्नावल्याही आहेत. मला मनापासून वाटतं की अशा वेळी घराने काम वाटून घ्यावं. "आता मोठी झालीस, तुझं तू बघ" म्हणून आईवडील लवकर बाजूला झाले की किशोरवयीन मुलांची साखर बिघडते, असं अभ्यासांतही दिसतं. रात्रीचा लांब पल्ल्याचा डोस बाबांनी पेनवर लावून हातात द्यावा, आकडे आठवडाभर ताईने लिहावेत, तिने फक्त टोचावं. आणि ध्येय लहान ठेवावं. वर सांगितलेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात दिसलं होतं, की तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ९वरून ८च्या जवळ आलं, म्हणजे दहा टक्के उतरलं, तरी डोळ्यांचा विकार वाढण्याचा धोका ४० टक्क्यांहून अधिक कमी होतो. सातच्या आत आलं नाही म्हणून सगळं फुकट गेलं असं समजायचं कारण नाही.

शाळेलाही सांगून ठेवा. परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या आणि खाऊ नेण्याची मुभा सीबीएसईने २०१७ साली दिली आहे. वर्गशिक्षिकेला हे माहीत असतंच असं नाही, म्हणून परिपत्रकाची प्रत दप्तरात असू द्या.

इतकी सगळी सूट दिल्यावर एका गोष्टीत मात्र सूट नाही. थकवा असो, उपास असो, उलट्या होऊन पोटात काही ठरत नसो, लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. "काही खाल्लं नाही, मग सुई कशाला" या घरगुती तर्काने मुलं दगावतात. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात कीटोन नावाचे आम्ल पदार्थ साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तेव्हा त्याचं वजन ३० किलोसुद्धा नव्हतं. त्याआधी या आजाराची मुलं थोड्याच काळात याच वाटेने जात. म्हणून आजारपणात साखर दर तीन-चार तासांनी बघा, कीटोनची पट्टी घरात ठेवा, पाणी पाजत राहा. साखर २५०च्या वर, सोबत कीटोन, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यांतलं काही जुळून आलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढून मोठ्या दवाखान्यात जा आणि दारातच सांगा की टाइप १ आहे.