कल्पित विश्वांतील धर्मवैविध्य

विज्ञानकथा किंवा अद्भुतकथेचा लेखक नवे जग रचतो, तेव्हा त्यात डोंगर, नद्या, भाषा यांबरोबर देवही घालावे लागतात. एकाच जगात अनेक दैवते, पंथ आणि उपासना शेजारीशेजारी नांदतात ती मांडणी म्हणजे कल्पित विश्वातील धर्मवैविध्य. ही मांडणी पुष्कळदा कच्ची राहते. एक ग्रह, एक जमात, एक धर्म असा हिशेब उरकला जातो. कोकणपट्टीतल्या वाचकाला तो लगेच खटकतो, कारण इथे वाडी बदलली की राखणदार, म्हणजे तिची राखण करणारा देव, बदलतो.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीत धर्म एकमेकांत मुरलेले आहेत. ऑरेंज कॅथलिक बायबल, झेनसुन्नी ही नावेच त्या सरमिसळीची साक्ष देतात. बेने गेसेरिट हा स्त्रियांचा संघ तर पुढे कधी उपयोगी पडाव्यात म्हणून परक्या ग्रहांवर श्रद्धा आणि भाकिते आधीच पेरून ठेवतो.

अर्सुला ल ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मध्ये हंदारा आणि योमेश असे दोन पंथ आहेत. हंदाराचे भविष्यवेत्ते प्रश्नाला खरे उत्तर देतात, पण विचारणाऱ्याची अक्कल पाहूनच. आपण कोणत्या दिवशी मरू, असे एक सरदार विचारतो. त्याला तारीख मिळते; महिना नाही, वर्षही नाही. सिंधुदुर्गात देवाला कौल लावणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. पाषाणावर तांदूळ किंवा फुलांचे कळे पाण्याने चिकटवतात आणि उजवीकडचा पडला की बहुधा होकार धरतात. प्रश्न मात्र आधीच ‘होय’ किंवा ‘नाही’त बसेल असा घडवून घ्यावा लागतो. त्याआधीच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या विनवणीत, ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या देवचारापर्यंत (राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीपर्यंत) सगळ्यांना हाक जाते, आणि जमलेली मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणत राहतात. कोणी वगळला गेला तर तो रुसेल, ही धास्ती कादंबऱ्यांतल्या देवळांत क्वचितच दिसते.

देवाचा देह कुठे झिजतो, हेही लेखक सहसा सांगत नाहीत. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. त्या फिरून झिजतात असे भाविक सांगतात. नवसाचे केळ्यांचे घडही त्याच्यापुढे येतात.

बाहेरून आलेला धर्म किनाऱ्यावरचेच खातो, हे तर त्याहून कमी वेळा सुचते. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या मलिद्यात, म्हणजे प्रार्थनेच्या नैवेद्यात, पोहे, ओले खोबरे, फळे असतात आणि तो एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मांडला जातो. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याच्या खडकावरची खूण त्याच्या रथाची, असेही ते मानतात. मूळ कथा इस्रायलची, खडक मात्र रायगडचा. एवढी धिटाई दाखवणारा अद्भुतकथाकार विरळाच.

कोकणाचे स्वतःचे कल्पित विश्व दशावतार या लोकनाट्याच्या रंगमंचावर उभे राहते. जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की रात्री देवळापुढेच खेळ सुरू होतो. गणपती येतो, संकासुर येऊन धुमाकूळ घालतो, मग आख्यान. कित्येक आख्यानांतले राजे कुठल्याही पुराणात सापडणार नाहीत; संवाद लिहिलेले नसतात, पेटी-मृदंगाच्या साथीवर जागच्या जागी सुचतात. हल्ली ट्रिकसीनचे, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्कारदृश्यांचे, प्रयोगही गर्दी खेचतात. न घडलेल्या राज्यातल्या देवदैत्यांची ही भांडणे गाभाऱ्यातला खराखुरा ग्रामदेव समोरून रात्रभर पाहत असतो, आणि पहाटे दहीहंडी फुटली की धयकालो, म्हणजे हा दशावतारी खेळ, संपतो.