कॉमेडोन आहे का? मुरूम ओळखण्यामागचा दोनशे वर्षांचा इतिहास

पुटकुळ्यांनी हैराण झालेला माणूस समोर बसला की त्वचारोगतज्ज्ञ आधी लाल फोड मोजत नाहीत, कॉमेडोन, म्हणजे तेलाने आणि मृत पेशींनी बुजलेली त्वचेची छिद्रं शोधतात. त्वचा दोन बोटांनी जराशी ताणून बाजूने प्रकाश पाडला, की कपाळावर आणि हनुवटीवर एरवी न जाणवणारे बारीक पांढुरके उंचवटे दिसू लागतात. ते बंद कॉमेडोन, म्हणजे व्हाइटहेड. नाकाजवळचे काळ्या टोकाचे ठिपके हे उघडे कॉमेडोन, म्हणजे ब्लॅकहेड. हा काळेपणा मळाचा नसतो. तो मुख्यतः मेलॅनिन या त्वचेच्याच रंगद्रव्याचा असतो, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. कॉमेडोन सापडले तर मुरमाचं निदान पक्कं होत जातं. एकही सापडला नाही तर दुसऱ्याच एखाद्या आजाराचा विचार करावा लागतो.

इतका साधा प्रश्न मध्यभागी यायला फार वर्षं गेली, आणि त्या उशिराची किंमत रुग्णांनी मोजली.

तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या फोडांची नोंद जुनी आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ आजारांमध्ये, मुखदूषिका (चेहरा बिघडवणारे फोड) येतात, आणि त्यांची उपमा शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांशी दिली आहे. बुडाशी रुंद, टोकाशी निमुळता असा तो काटा ज्याने पाहिला आहे, त्याला हे निरीक्षण किती नेमकं आहे ते लगेच कळेल. कारण मात्र कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडात शोधलं होतं. त्वचेच्या आत डोकावायचं साधन तेव्हा नव्हतंच.

आधुनिक वर्गीकरण सुरू झालं लंडनमध्ये. रॉबर्ट विलन या डॉक्टरांनी त्वचारोगांची विभागणी डोळ्यांना काय दिसतं त्यावरून करायची पद्धत घालून दिली. १८१२ साली त्यांचं निधन झालं आणि पुढचं काम शिष्य थॉमस बेटमन यांनी नेलं. बेटमन यांनी मुरमांचे चार प्रकार केले: साधे, ठिपक्यांचे, कठीण गाठींचे आणि चौथा रोझेशिया. पहिले तीन आजही ओळखू येतात. ठिपक्यांचा म्हणजे ब्लॅकहेडचा, आणि कठीण गाठींचा म्हणजे आज ज्याला नोड्यूलर म्हणतात तो. गोंधळ चौथ्यात होता. रोझेशियात चेहरा लाल होतो, गरम वाटतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्याही येतात. पण कॉमेडोन नसतात, आणि तो बहुधा तिशीनंतर सुरू होतो. लाली आणि पुळ्या एवढंच पाहिलं तर दोन्ही एकाच घरातले वाटतात. ‘ॲक्ने रोझेशिया’ हे नाव विसाव्या शतकातही बराच काळ चालत राहिलं. नावातल्या या चुकीचा त्रास खरा आहे: मुरमावरची त्वचा सोलणारी बरीचशी औषधं रोझेशियाच्या त्वचेला सोसत नाहीत, चेहरा आणखी भडकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरमाच्या आतल्या द्रव्यात एक जंतू सापडला. आज त्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत तो प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणून ओळखला जाई. दोषी सापडला असं अनेकांना वाटणं स्वाभाविक होतं. पण हाच जंतू नितळ त्वचेवरही सुखाने राहतो. म्हणजे मुरूम हा एकाकडून दुसऱ्याला लागणारा संसर्ग नव्हे. तरीही ‘जंतू, म्हणजे अस्वच्छता’ हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलं आणि पोरापोरींना चेहरा घासून काढायला लावण्यात पिढ्या गेल्या.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला एक उपाय आज वाचताना अंगावर येतो. मुरमांवर क्ष-किरण देत असत. किरणांनी तैलग्रंथी आक्रसतात, तेल कमी होतं, चेहरा काही काळ निवळतो. उपाय लागू पडत होता, आणि म्हणूनच तो फोफावला. थायरॉइडचे आणि त्वचेचे कर्करोग कित्येक वर्षांनी दिसू लागले. जिवाला धोका नसलेल्या आजारासाठी किशोरवयीन मुलांच्या मानेजवळ किरण सोडले गेले होते.

खरं वळण आलं १९४१ साली. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वयात येण्याआधीच ज्यांच्या वृषणांचं काम थांबलं होतं अशा पुरुषांकडे लक्ष वेधलं. त्यांना मुरूम येत नव्हते. पुरुषी संप्रेरक दिलं की काहींना येऊ लागले. कोड्याचा मोठा भाग त्याने सुटला. मुरूम वयात येतानाच का येतात? कारण तैलग्रंथींना चालना अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं देतात. लग्न, ब्रह्मचर्य, मनातले विचार असल्या जुन्या स्पष्टीकरणांना त्यानंतर आधार उरायला नको होता.

१९५६ मध्ये फिलाडेल्फियातल्या पिल्सबरी, शेली आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी तीव्रतेच्या चार पायऱ्या मांडल्या: फक्त कॉमेडोन इथपासून मोठ्या, एकमेकींत मिसळणाऱ्या गाठींपर्यंत. पुढे अनेक मोजपट्ट्या आल्या, पण ही चढण आजही डॉक्टरांच्या बोलण्यात टिकून आहे. मग अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मुरमाचा आरंभ शोधला. केसाच्या मुळाशी असलेल्या नळीच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, तेल अडतं आणि डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कॉमेडोन तयार होतो. त्यातूनच पुढे व्हाइटहेड, ब्लॅकहेड, लाल पुटकुळी, पुवाची पुळी किंवा गाठ होते. उघड मुरूम दिसायला आठेक आठवडे लागू शकतात. आज जो फोड दिसतोय तो दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेला असू शकतो. म्हणूनच कुठल्याही उपचाराला आठ ते बारा आठवडे द्या असं सांगतात, आणि औषध फक्त फोडावर न टेकवता मुरूम येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ लावायचं असतं.

हे कळल्यावर औषधही त्याच जागेवर नेम धरून आलं. १९६९ मध्ये क्लिगमन, फुल्टन आणि प्लेविग यांनी अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या ट्रेटिनॉइनचा लावण्यासाठी वापर प्रसिद्ध केला, १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नळीच्या तोंडाशी साचणाऱ्या पेशींचं वागणंच ते बदलतं.

याच इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. क्लिगमन यांचे बरेच प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या त्वचेवर झाले. नकार देण्याचं खरं स्वातंत्र्य नसलेल्या माणसांवर. हे प्रयोग १९७४ मध्ये बंद झाले. आज लाखो लोक जे मलम निर्धास्त लावतात त्याच्या मागे ही माणसं आहेत.

१९६९ च्याच एका अभ्यासाने आहाराचा विषय बरीच वर्षं बंद करून टाकला. किशोरवयीन मुलं आणि तरुण कैदी मिळून ६५ जणांना काही आठवडे चॉकलेटची वडी आणि काही आठवडे चॉकलेट नसलेली वडी दिली. मुरमांत फरक पडला नाही. झालं, आहाराचा संबंध नाही असं पाठ्यपुस्तकांत गेलं. पण दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. म्हणजे तपासलं गेलं ते फक्त कोको. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ४३ तरुण मुलग्यांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम अधिक कमी झाले. अभ्यास छोटा आहे, त्यामुळे पथ्याची लांबलचक यादी कुणाच्या हाती द्यायचं कारण नाही. पण प्रश्न पुन्हा उघडला, हे बरं झालं.

गाठींच्या मुरमांवर मात्र तोवर हात टेकल्यासारखी स्थिती होती. खोल, दुखऱ्या, खड्डे पाडून जाणाऱ्या या गाठी. १९७९ मध्ये गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी कशालाच दाद न देणाऱ्या १४ रुग्णांना ट्रेटिनॉइनच्याच कुळातलं आयसोट्रेटिनॉइन तोंडाने दिलं. १३ जणांचा चेहरा पूर्ण निवळला. तैलग्रंथी इतक्या आक्रसतात की जंतूला खायलाच उरत नाही. १९८२ मध्ये मान्यता मिळाली आणि लवकरच गर्भावरचे गंभीर परिणाम समोर आले: चेहरा, कान, हृदय, मेंदू यांतली व्यंगं. म्हणूनच गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते चाचणीशिवाय आणि खात्रीच्या गर्भनिरोधाशिवाय देत नाहीत, आणि बंद केल्यावरही महिनाभर ती काळजी घ्यावी लागते. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं यात कधीच बसत नाही.

दरम्यान मुरमासारखे दिसणारे, पण वेगळ्या कारणाचे आजारही बाजूला काढले गेले. क्लोरीनच्या कारखान्यातल्या कामगारांना येणारे फोड हेर्क्सहायमर यांनी १८९९ मध्ये नोंदवले होते. १९७६ मध्ये इटलीतल्या सेवेसोजवळ डायॉक्सिन या विषारी रसायनाची गळती झाली, तेव्हा जवळपास २०० जणांना, बहुतेक मुलांना, हाच त्रास झाला. १९६८ मध्ये लक्षात आलं की दीर्घकाळ प्रतिजैविकं घेणाऱ्या काहींना नाकाभोवती अचानक पुवाच्या पुळ्या येतात आणि त्यामागचे जंतू निराळे असतात. १९७३ मध्ये मॅलासेझिया या बुरशीमुळे येणारी पुरळ वेगळी मांडली गेली: छातीवर, पाठीवर, कपाळावर, सगळ्या पुटकुळ्या एकाच आकाराच्या, आणि खाज. खाज हा मोठाच धागा आहे, कारण साध्या मुरमांना सहसा ती फारशी नसते. ही बुरशी मुरूम समजून प्रतिजैविकं दिली तर वाढू शकते. स्टेरॉइडचं मलम गोरेपणासाठी किंवा डागांसाठी चेहऱ्यावर चोळत राहिल्यानेही एकसारख्या पुटकुळ्या उठतात. तिथे नवं मलम शोधण्याआधी जुनं डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावं लागतं.

प्रतिजैविकांचं पुढे काय झालं तेही याच गोष्टीत येतं. १९५० च्या दशकात टेट्रासायक्लिन आलं, मग एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन. १९७० च्या दशकाअखेर त्यांना न जुमानणारे जंतू दिसू लागले. त्यामुळे आज ती एकटी देत नाहीत, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, ज्याला जंतू सरावत नाहीत, आणि गोळ्यांचा काळ तीनेक महिन्यांपुरता ठेवतात. फक्त कॉमेडोन असतील तर प्रतिजैविकाचं काम नसतं, तिथे ट्रेटिनॉइन किंवा त्याच गटातलं ॲडापॅलीन पुरतं.

हॅमिल्टन यांनी १९४१ मध्ये दाखवलेल्या संप्रेरकांच्या वाटेने उपचार सर्वांत सावकाश आले. जबड्याच्या कडेने, पाळीच्या आधी वाढणाऱ्या स्त्रियांच्या मुरमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन हे अँड्रोजेनला अडवणारं पोटात घ्यायचं औषध कित्येक वर्षं वापरात होतं. त्यावर मोठी, नीट आखलेली चाचणी ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, ते औषधाच्या बाजूने. पुरुषांना मात्र ते देता येत नाही, कारण शरीरभर परिणाम होतो. तैलग्रंथीपाशीच अँड्रोजेनला अडवणारं, मुलग्यांनाही चालणारं लावायचं औषध, क्लास्कोटेरोन, अमेरिकेत मान्य झालं ते २०२० मध्ये.