पाचारण (ल्यूथरन मंडळीतील)

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या शिकवणीवर चालणाऱ्या ल्यूथरन मंडळीने एखाद्या व्यक्तीला आपला पाळक होण्यासाठी रीतसर बोलावणे धाडणे म्हणजे पाचारण. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाच्या कानांवर ‘पाळकसाहेबांची बदली झाली’ हे वाक्य अधिक पडते, कारण चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पाळकांच्या नेमणुका धर्मप्रांताचा बिशप करतो. ल्यूथरन रीतीत, निदान तिच्या अमेरिकेतल्या शाखांत, बदली हा प्रकार नाही. बिशप हुकूम काढत नाही आणि पाळकाने आपण होऊन अर्ज करणे जुन्या वळणाच्या मंडळ्यांत शिष्टसंमत मानत नाहीत. मंडळी सभा भरवते, हात वर होतात किंवा चिठ्ठ्या मोजल्या जातात, आणि त्यातून निघालेले नाव देवाने सुचवले असे सगळे धरून चालतात.

या समजुतीचा आधार ल्यूथरन पंथाच्या मुख्य मतपत्रात, म्हणजे १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रात आहे. त्याच्या १४ व्या कलमात एवढेच म्हटले आहे, की रीतसर पाचारण झाल्याखेरीज कोणी चर्चमध्ये जाहीरपणे शिकवू नये व बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार देऊ नयेत. कलम एका वाक्याचे. पण ‘रीतसर’ म्हणजे नेमके कसे, यावर पुढे शतकानुशतके वाद झाले. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच, ही मार्टिन ल्यूथरची शिकवण. सगळेच याजक म्हटल्यावर इतरांनी सांगितल्याशिवाय एकट्याने पुढे होऊन व्यासपीठ बळकावायचे नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

ही कल्पना आधीच पारखली गेली होती ती जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातील लाइसनिग या छोट्या गावात. तिथला पाळक नेमण्याचा हक्क बूख येथील मठाच्या मठाधिपतीकडे होता. गावकऱ्यांनी तो मोडून आपले पाळक आपणच निवडले आणि ल्यूथरकडे सल्ला मागितला. १५२३ मध्ये त्याने त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत शिकवण पारखण्याचा, शिक्षक बोलावण्याचा आणि काढण्याचाही अधिकार मंडळीला आहे, असे सांगितले. पण लाइसनिगकर नुसत्या अधिकारावर थांबले नाहीत. पाळक बोलावला तर त्याला पोसायचे कशातून, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवायला घेतला आणि सामाईक पेटीची नियमावली केली. पेटीला चार वेगवेगळी कुलुपे होती. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक शहरी नागरिकांकडे आणि एक शेतकऱ्यांकडे. चौघे जमल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. कारभारी दहा: दोन सरदार, दोन परिषद सदस्य, तीन नागरिक, तीन शेतकरी. त्यांनी दर रविवारी अकरा ते दोन या वेळात बसून हिशेब पाहायचा. पाळकाचे वेतन, शाळा, गरिबांची मदत, इमारतींची डागडुजी हे सारे याच पेटीतून. टंचाईसाठी धान्य साठवून ठेवण्याचीही तरतूद होती. श्रद्धा आणि तरतूद एकमेकींच्या आड येतात, असे या लोकांना मुळीच वाटले नसावे. आड आली ती नगरपरिषद. जुनी देवस्थानी मिळकत पेटीकडे सोपवायला तिने नकार दिला, आणि ल्यूथरने सॅक्सनीच्या अधिपतीकडे (इलेक्टरकडे) रदबदली करूनही बेत सुरुवातीलाच अडखळला.

भारतात ल्यूथरन पंथ आला तो वेगळ्या वाटेने. १७०६ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडीला उतरलेल्या बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्यूट्शाउ यांना डेन्मार्कच्या राजाने धाडले होते; बोलावणारी मंडळी तिथे अजून जन्मायचीच होती. १७३३ मध्ये आरोन या तमिळ पाळकाला दीक्षा मिळाली. रांचीच्या गोस्नर या ल्यूथरन चर्चवर पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरी गमावण्याची वेळ आली आणि १९१९ मध्ये ते स्वायत्त झाले. मराठी मुलखात मात्र या पंथाचा फारसा विस्तार नाही.

अमेरिकेत प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. १८३९ मध्ये मार्टिन स्टेफान या पाळकाच्या मागोमाग शेकडो सॅक्सन लोक मिसूरीत येऊन वसले. काही महिन्यांतच गैरवर्तनाच्या आरोपावरून स्टेफानला पदच्युत करून मिसिसिपी नदीपलीकडे सोडण्यात आले. उरलेल्या पाळकांच्या मनात मग शंकेने घर केले: आपण मायदेशातल्या मंडळ्या सोडून आलो, आता आपल्याला पाचारण आहे तरी का? १८४१ च्या आल्टेनबुर्ग येथील जाहीर वादात त्यांच्यातल्याच सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर याने उत्तर दिले, की जिथे देवाचे वचन आणि संस्कार आहेत तिथे चर्च आहे, आणि म्हणून पाळक बोलावण्याचा अधिकारही तिथेच आहे. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या मिसूरी सिनॉड या ल्यूथरन संघटनेचा पाया हाच. पाळकाला सालगड्यासारखे वर्षाच्या बोलीवर ठेवण्याची सीमेवरच्या वस्त्यांतली चाल वॉल्थरला साफ नामंजूर होती.

आजची पद्धत कागदपत्रांची आहे. पाळक निवृत्त झाला किंवा गेला, की हंगामी पाळक उपासना सांभाळतो आणि निवड समिती मंडळीची सदस्यसंख्या, जमाखर्च, गरजा लिहून काढते. इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका या संघटनेत समिती बिशपचा सल्ला घेते आणि सभेत किमान दोन तृतीयांश मते लागतात. पाचारणपत्रात पगार, घर, रजा यांचे आकडे असतात. देवाच्या बोलावण्यात रजेचे दिवस मोजलेले पाहून नवख्याला हसू येईल. लाइसनिगच्या कारभाऱ्यांना ते आले नसते.

मिसूरी सिनॉडमध्ये पेच अधिक गहिरा, कारण पत्र बहुधा दुसरीकडे सेवेत असलेल्या पाळकालाच जाते. रविवारी उपासनेच्या शेवटी तो जाहीर करतो, की आपल्यापुढे आता दोन पाचारणे आहेत: एक इथले, एक तिथले. दोन्ही खरी. त्यानंतरचे काही आठवडे दोन्ही गावांत प्रार्थना चालू राहते आणि मागणे मात्र उलटसुलट असते. याकोबाच्या पत्रातले ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द अशा दिवसांत वारंवार कानी येतात. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक त्याच शब्दांवर टेकून मंजूर होते. पाळकाने होकार दिला, तर जुनी मंडळी त्याला शांतपणे मोकळे करते आणि नव्या मंडळीत पदस्थापनेचा विधी होतो. नकार आला, तर पत्र परत येते, नावांची यादी पुन्हा उघडते आणि सभेची नवी तारीख लागते.