हमिंगबर्ड येण्याआधी बाग तयार हवी

मार्च अर्ध्यावर आला की अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पक्षीप्रेमींचा रोजचा एक उद्योग सुरू होतो: नकाशा उघडायचा आणि हमिंगबर्ड कुठवर आला ते बघायचं. लोकसहभागातून चालणारा ‘जर्नी नॉर्थ’ हा प्रकल्प दर वसंतात असा नकाशा मांडतो. आपल्या अंगणात मोसमातला पहिला हमिंगबर्ड दिसला की तारीख आणि गाव कळवायचं, नकाशावर एक ठिपका वाढतो. सुरुवातीचे ठिपके लुइझियाना, टेक्सास आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पडतात. मग जॉर्जिया, कॅरोलिना, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात ते आमच्या न्यू जर्सीत पोहोचतात. मे महिन्यात कॅनडा. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या घरामागे थोडीफार जमीन आहे, त्यांना मी दर वर्षी हेच सांगते की पक्षी दिसल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, तयारी त्याच्या आधी व्हायला हवी. आणि तयारी म्हणजे नुसता साखरपाण्याचा फीडर टांगणं नव्हे.

पूर्व अमेरिकेत वीण करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. वजन सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यात साखर मावते तेवढंही नाही. पाठ चकचकीत हिरवी, पोट पांढुरकं आणि प्रौढ नराच्या गळ्यावर लालभडक पट्टा. त्या पट्ट्यात लाल रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होताना तो रंग तयार होतो, म्हणून पक्ष्याने मान जराशी वळवली की तोच गळा काळाकुट्ट दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, दोन वेगळे पक्षी येऊन गेले.

भारतात हमिंगबर्ड नाहीत. ‘आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला’ असे जे फोटो पुण्या-मुंबईहून येतात, त्यांत बहुतेक वेळा शिंजीर असतो. बाक असलेली लांब चोच, उन्हात चमकणारी पिसं आणि मकरंदाची आवड, एवढं साम्य असल्यावर गफलत होणं साहजिक आहे. पण दोघांचं नातं दूरचं. शिंजीर हा चिमण्यांच्या मोठ्या गणातला, तर हमिंगबर्डचे जवळचे नातलग म्हणजे पाकोळ्या. शिंजीर शक्यतो देठावर बसून मकरंद पितो, हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून. एकाच कामासाठी दोन वेगळ्या घराण्यांत सारखं शरीर घडलं, त्याचं हे फार सुंदर उदाहरण आहे. आज हमिंगबर्डच्या 360 हून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत. गंमत म्हणजे सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वीच्या हमिंगबर्डचे जीवाश्म जर्मनीत सापडले आहेत. एके काळी हे पक्षी युरोपातही होते, तिथून ते नाहीसे झाले.

आता त्याच्या प्रवासाबद्दल. रुबी-थ्रोटेड हिवाळा काढतो दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पट्ट्यात. दिवस मोठा होऊ लागला की त्याच्या शरीरातली चक्रं फिरतात आणि तो खात सुटतो. निघण्याआधी अंगावर इतकी चरबी चढते की वजन जवळपास दुप्पट होतं. मग अनेक पक्षी मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी उडतात आणि मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. सुमारे 800 किलोमीटर, 18 ते 20 तास, मध्ये टेकायला जागा नाही. काही जण टेक्सासच्या किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालून येतात. सेकंदाला साधारण 50 वेळा पंख हलवणारा आणि मिनिटाला हजारावर ठोके पडणारं हृदय घेऊन फिरणारा हा जीव समोरून वारा आला तरी मागे फिरू शकत नाही. चरबी संपायच्या आत जमीन गाठायची, एवढंच त्याच्या हातात असतं.

नर आधी येतात, माद्या आठवड्याभराने किंवा थोड्या आणखी उशिरा. नराला घाई असते ती चांगली जागा अडवण्याची. पण न्यू जर्सीचा एप्रिल फसवा असतो. दुपारी ऊन आणि पहाटे तापमान शून्याजवळ. अशा रात्री हा पक्षी शरीराची भट्टी मंदावतो. तापमान खाली उतरतं, हृदयाचे ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास येतात आणि तो फांदीवर निपचित बसून राहतो. सकाळी अंग पुन्हा गरम करायलाही इंधन लागतं, म्हणून उजाडताच त्याला खायला हवं.

नेमकं त्याच वेळी बागेत काय असतं? ट्यूलिप, डॅफोडिल, फोर्सिथिया. डोळ्यांना बाग भरलेली दिसते, पण हमिंगबर्डच्या उपयोगाचं त्यात जवळजवळ काही नाही. रानात त्याची सोय सुतारपक्ष्यांच्या कुळातला एक पक्षी करतो, यलो-बेलीड सॅपसकर. तो बर्च-मेपलच्या सालीत ओळीने लहान भोकं पाडतो. त्यांतून गोड रस झिरपतो आणि त्या रसावर कीटक जमतात. हमिंगबर्ड दोन्हींवर ताव मारतो. उत्तरेकडच्या जंगलांत फुलं उमलण्याआधी पोहोचणाऱ्या हमिंगबर्डांचा या रसावर मोठा भरवसा असतो. म्हणून खोडावर अशी भोकांची ओळ दिसली तर झाडाला रोग लागला म्हणून घाबरू नये आणि भोकं बुजवायला तर मुळीच जाऊ नये.

बागेसाठी माझी पहिली पसंती लाल कोलंबाइनला. हे इथलंच रानफूल, एप्रिल-मे मध्ये फुलतं, म्हणजे पाहुण्यांच्या आगमनाशी त्याचं वेळापत्रक जुळलेलं. फुलं खाली मान घालून लोंबतात. पाकळ्यांच्या पोकळ नळ्या मागे वर गेलेल्या असतात आणि मकरंद त्यांच्या टोकाशी, त्यामुळे हवेत थांबून खालून चोच घालणाऱ्यालाच तो नीट मिळतो. झाडाखालच्या अर्धवट सावलीत ते आनंदाने वाढतं आणि बी पडून आपोआप पसरतं. दुसरं कोरल हनीसकल, कुंपणावर चढवण्यासारखा वेल. नर्सरीत मात्र नाव नीट वाचून घ्या, कारण जपानी हनीसकल हा त्याचा भाऊबंद इथल्या रानात तणासारखा माजला आहे. पुढे जून-जुलैत बी बाम आणि जुलैपासून पाणथळ जागेत कार्डिनल फ्लॉवर. ट्रम्पेट वेलीवरही पक्षी तुटून पडतात, पण ती भिंतीजवळ लावू नका, मुळं कुठेही घुसतात.

ही बहुतेक फुलं लाल का? मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल फुलात मकरंद शिल्लक राहण्याची शक्यता जास्त, आणि हे हमिंगबर्ड अनुभवाने शिकतो. मकरंद चांगला असेल तर तो पांढऱ्या फुलावरही जातो आणि जागा लक्षात ठेवतो. त्याची रंगदृष्टी आपल्यापेक्षा पुढची आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, त्याच्या डोळ्यांत चार. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मेरी कॅसवेल स्टॉडर्ड आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात रानातल्या हमिंगबर्डांवर प्रयोग करून 2020 मध्ये दाखवलं, की अतिनील अधिक हिरवा अशी मिश्रणं ते साध्या हिरव्यापासून वेगळी ओळखतात. तो रंग कसा दिसत असेल याची कल्पना करायलाही आपल्याकडे साधन नाही.

फुलं कमी असतात त्या दिवसांत फीडरचा खरा उपयोग. प्रमाण अगदी सोपं: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, कोमट पाण्यात ती लवकर विरघळते. पाक करायचा नाही. हमिंगबर्डांच्या आवडत्या फुलांतला मकरंद साधारण इतकाच गोड असतो. ‘साखरेपेक्षा गूळ बरा’ हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे, आणि प्रेमापोटी गुळाचं पाणी ठेवायचा मोह होतो. तो आवरा. गूळ आणि ब्राउन शुगरमध्ये मळी राहते, तिच्यातलं लोह या पक्ष्याला घातक ठरू शकतं. मध पाण्यात कालवला की लवकर आंबतो, बुरशी धरतो. लाल रंग टाकायची तर काहीच गरज नाही, फीडरचं लाल प्लॅस्टिक पुरेसं आहे.

फीडर स्वच्छ ठेवणं हे यातलं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम. थंडीत चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात दोन दिवसांनी पाणी बदलायचं, गरम पाण्याने आणि बारीक ब्रशने भोकं घासायची. पाणी गढूळ दिसलं तर त्याच क्षणी ओतून द्यायचं. हे जमणार नसेल तर फीडर लावूच नये, कोलंबाइन लावावं.

मादी फीडरच्या दांडीवर बसून पीत असेल तर जवळून बघा. चोच जवळजवळ हलत नाही, गळा मात्र धडधडत असतो, आणि पाण्यात बारीक बुडबुडे वर येतात. आत जीभ सेकंदाला पंधराच्या आसपास फेऱ्या मारत असते. बारीक नळीत पाणी आपोआप चढतं तसा मकरंद जिभेवरच्या खाचांतून चढतो, असं दीडशेहून अधिक वर्षं मानलं जात होतं. कनेक्टिकट विद्यापीठात आलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तेव्हा 2011 मध्ये वेगळंच उघड झालं. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं. मकरंदात शिरताच दोन्ही फाटे पसरतात, कडेच्या झालरी उलगडतात, आणि जीभ बाहेर येताना त्या मिटून थेंब आत पकडतात. या हालचालीला पक्ष्याला वेगळी ताकद लावावी लागत नाही, ती जिभेच्या रचनेतूनच घडते.

गोड चव कळणं हीसुद्धा त्याची स्वतंत्र कमाई आहे. सस्तन प्राणी ज्या जनुकाच्या आधारे गोडी ओळखतात, ते पक्ष्यांच्या पूर्वजांतच हरवलं. मॉड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं, की मांसाची चव टिपणारा जिभेवरचा रेणू हमिंगबर्डांत बदलत जाऊन साखर ओळखू लागला. कृत्रिम गोडवा त्याला पोसत नाही, तेव्हा ‘शुगर-फ्री’ काही देऊ नये.

साखरेवर पंख चालतात, शरीर वाढत नाही. प्रथिनांसाठी त्याला चिलटं, डास, फळमाश्या, छोटे कोळी लागतात. पिल्लांना तर मादी सतत असेच मऊ कीटक भरवते. लोक महागडा फीडर आणतात आणि त्याच आठवड्यात हिरवळीवर कीटकनाशक फवारून घेतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. कोळी नुसता खायलाच लागतो असं नाही. मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातल्या जळमटांपाशी मादी घिरट्या घालताना दिसली, तर ती घरटं बांधते आहे. चोचीने जाळ्याचे धागे ओढायचे, त्यात वनस्पतींचा कापूस गुंफायचा, वरून दगडफूल चिकटवायचं. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्याच जातकुळीतलं दगडफूल, इथे ते झाडाच्या सालीवर मिळतं. घरटं जेमतेम चार-पाच सेंटीमीटर रुंद, आत दोन पांढरी अंडी. कोळ्याचा धागा लवचीक असल्यामुळे पिल्लं वाढतात तसं घरटंही ताणलं जातं. नराचा यात कसलाच हातभार नाही. तेव्हा मे-जूनमध्ये बाहेरची जळमटं काढायचा उत्साह आवरावा, आणि पालापाचोळ्याचा एक कोपरा तसाच राहू द्यावा. पिकलेल्या केळ्याची सालं झुडपाखाली टाकली की फळमाश्या जमतात, तीही मेजवानीच.

फीडर दोन असतील तर एकमेकांच्या नजरेआड टांगा, कारण एकच नर दोन्हींवर मालकी सांगतो आणि बाकीच्यांना हुसकावतो. काचेच्या तावदानापासून एक तर अगदी जवळ, मीटरभराच्या आत लावा, म्हणजे आपटण्याइतका वेग येत नाही, किंवा बरंच लांब. मांजर घरात ठेवा. फीडरवर मोठा खंडोबाचा किडा (प्रेइंग मँटिस) बसलेला दिसला तर त्याला उचलून दूरच्या झाडावर सोडा. तो हमिंगबर्डला पकडून खातो, अशा नोंदी बऱ्याच आहेत.

पहिल्या आगमनाची तारीख लिहून ठेवावी, असं मी आग्रहाने सांगते. 1880 च्या दशकापासून अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांनी पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा कार्डांवर लिहून पाठवल्या. जेसन कोर्टर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ती जुनी कार्डं अलीकडच्या नोंदींशी ताडून पाहिली. रुबी-थ्रोटेड आता पूर्वीपेक्षा साधारण दीड ते अडीच आठवडे आधी पोहोचतो. वाढत्या तापमानाशी याचा संबंध दिसतो. न्यू जर्सीत म्हणूनच फीडर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टांगलेला बरा, एप्रिलअखेरीची वाट पाहू नये.

फीडर उशिरापर्यंत ठेवला तर पक्षी दक्षिणेला जायचे थांबतील, ही भीती निराधार आहे. त्यांना हलवतं ते दिवसाचं लहान होणं. उलट परतीच्या वाटेवरची, त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं सप्टेंबरअखेरपर्यंत दिसतात आणि त्यांना चरबी साठवायची असते. त्या वेळी ज्वेलवीड फुललेलं असतं. हे आपल्या तेरड्याच्याच कुळातलं, केशरी फुलांचं, ओलसर कोपऱ्यात आपोआप उगवणारं. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की तेरड्यासारखीच ती फुटते. जूनमध्ये तण समजून ते उपटू नका. शेवटचा पक्षी दिसल्यानंतरही फीडर आणखी दोन आठवडे ठेवा, मागे राहिलेला एखादा कॅनडाहून येत असतो.